भागीबाईचं सरण

भादवा सरत आला होता. भागीबाईच्या लासलगावला दिलेल्या लेकीकडे पाऊस कधीच संपला होता, पण इगतपुरीच्या डोंगरात तो दसऱ्याआधी हलत नाही. स्मशानावर चार पत्रे टाका म्हणून गावाने तालुक्याच्या साहेबाला बोलावलं, तर साहेबाची जीप आली मे महिन्यात. स्मशानाजवळचा कोरडा ओढा बघून 'गरज नाही' म्हणाला आणि गेला.

आज शेजारचा सोमा सकाळीच मेला आणि दुपार टळली तरी घरातच पडून होता. वर ताडपत्री धरायला माणसं होती, पण पेटेल असं लाकूड गावात कुणाकडे नव्हतं.

होतं ते फक्त भागीबाईच्या माळ्यावर. उन्हाळ्यात तिने स्वतःच्या सरणाची लाकडं आणून चुलीच्या धुरावर सुकत टाकली होती. तेव्हा याच सोमाने तिला भर चावडीत हिणवलं होतं, "म्हातारे, मरायची लय घाई झाली का?" आता तिने खरंच अंथरूण धरलं होतं. 'माझी तयारी हाय' म्हणत अन्न सोडलं होतं.

"चंदर, माळ्यावरचं समदं सोम्याला दे," ती पडल्या पडल्या लेकाला म्हणाली.

"अन् आये, तुला काय घालू? बाहेर पाऊस बघ की!" चंदर रडकुंडीला आला.

शेवटचं लाकूड दाराबाहेर जाईपर्यंत भागीबाई बघत राहिली. मग भिंत धरून उठून बसली.

"सूनबाई, भाकर वाढ. आता उन्हाळ्यापर्यंत मला मरता यायचं नाय."