दोन्ही बाजूंची पानं

तिनं हातातली चारही पानं पालथी टाकली आणि मागे उभ्या असलेल्या बाबांच्या तोंडून "अगं!" निघून गेलं.

क्लबच्या वार्षिक स्पर्धेचं शेवटचं टेबल. तिघंच उरलेले: दातांचे डॉक्टर, बेकरीवाली आणि ती. तिच्यापुढे डावावर लावायच्या चकत्यांची रास सगळ्यांत मोठी. आणि ही बया डाव सोडतेय!

या पोकरमध्ये मधली रास दोघांत वाटली जाते. अर्धी सगळ्यांत वरचढ हाताला, अर्धी सगळ्यांत लहान पानांच्या हाताला. हात जुळवायचा तो आपल्या चारांतली दोन आणि टेबलावरच्या सामाईक पानांतली तीन घेऊन; पाचही चौकट किंवा पाचही इस्पिक जमले की तो भारी. बाबांनी तिची पानं पाहिली होती. चौकटची नव्वी आणि सत्ती, शिवाय तिर्री-चौकी. टेबलावरच्या तीन पानांत दोन चौकटची, आणि दोन लहान. एक पान मनासारखं पडलं की दोन्हीकडे हात लागणार! बाबांनी तर डोळे मिटून सगळं लावलं असतं. डॉक्टरांनी आणि बेकरीवालीनं लावलंच होतं.

"घाबरलीस की काय?" डॉक्टर हसले.

"हो," ती म्हणाली.

बाबांची मान खाली गेली. निवृत्त बसड्रायव्हर माणूस. आयुष्यभर या क्लबात खेळले, एकदाही जिंकले नाहीत, पण भित्रा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पुढचं पान पडलं. चौकटची दुर्री, तिला हवं होतं अगदी तेच. बघ्यांनी हळहळून सुस्कारा सोडला. शेवटी एक राणी आली आणि हात उघडले. डॉक्टरांकडे चौकटचा एक्का आणि गुलाम निघाले. तिची नव्वी त्यांच्यापुढे कुठे टिकणार? बेकरीवालीकडे एक्का-तिर्री; लहान पानांत एक्का सगळ्यांत लहान धरतात, म्हणून तिथे बेकरीवाली सरस. रास त्या दोघांत वाटली गेली. ती खेळत राहिली असती तर दोन्ही बाजूंनी दुसरी येऊन रिकाम्या हातानं उठली असती.

बाबांनी मान वर केली.

नवीन पानं वाटली गेली. टेबलावर बदामचा राजा, इस्पिकची सत्ती, इस्पिकची चौकी. डॉक्टरांनी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. बेकरीवालीनंही. बाबांच्या लेकीनं आपल्या पानांचा कोपरा उचलला: इस्पिकचा एक्का, इस्पिकची नव्वी, दुर्री, तिर्री. अजून जुळलेलं काहीच नव्हतं.

"मीही," ती म्हणाली आणि सगळी रास पुढे सरकवली.

आता बाबा पुढे वाकून तिची पानं पुन्हा बघू लागले. मघाशी सोडलं आणि आता हे? मग त्यांच्या ध्यानात आलं. मघाशी तिच्याकडे सगळंच दुय्यम होतं. आता इस्पिक पडलं तर तिच्याहून मोठं इस्पिक कुणाकडे असणं शक्य नव्हतं, आणि लहान पानांत एक्का-दुर्रीच्या खाली कोण जाणार?

इस्पिकची छक्की पडली. एकाच पानानं दोन्हीकडचं काम केलं. शेवटचं पान, किलवरची राणी, कुणाच्याच उपयोगी आलं नाही. डॉक्टरांचे तीन राजे टेबलावर नुसतेच पसरून राहिले. अख्खी रास तिची!

टाळ्या थांबेनात. करंडक देताना अध्यक्षबाईंनी विचारलं, "असं खेळायला कुणी शिकवलं गं?"

"बाबांनी."

सभागृहात खसखस पिकली. बाबांचा खेळ कुणाला ठाऊक नव्हता? ते लालबुंद झाले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "खोटं कशाला बोलतेस? डाव सोडायला मी कधी शिकवलं तुला?"

"खोटं कुठे, बाबा? लहानपणापासून तुमच्या खुर्चीमागे बसून बघत आले ना. कुठे थांबायला हवं होतं, ते तिथूनच कळलं मला."

बाबा छाती काढून सभागृहाकडे वळले आणि ओरडले, "ऐकलंत ना? माझ्याकडूनच शिकली! उगाच नाही हरलो मी एवढे डाव!"