वाकडी बटणं

“बघ, कसा लख्ख केलाय!” आईनं फडकं झटकलं. “बटणं मेली वाकडीतिकडी होती, सगळी एका रांगेत लावली.” लेक धावतच पुढे आली. बाबांच्या जुन्या सिंथेसायझरला काही साठवून ठेवता येत नसे. बटणं जशी फिरवावीत, तसा सूर. जाण्याआधी त्यांनी घडवलेला शेवटचा सूर त्या वाकडेपणातच उरला होता. आईला सांगावं कसं? लेक भराभर बटणं फिरवू लागली. कधी भुंगा, कधी भोंगा. तो सूर काही सापडेना. “डावीकडचं जरा मागे घे,” दारातून आई म्हणाली. जन्मभर या पेटीला सवत म्हणणारी आई! “अजून घोगरा होता. अजून... हं, थांब!” खोलीभर तोच सूर पसरला. आईनं फडकं मुठीत आवळलं. “तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, ‘आवाज कमी करा हो!’” लेकीनं आवाज आणखी वाढवला.