बाहेर उघडणारं दार

किल्लीच्या भोकातून इन्साफला फक्त फरशी बसवणाऱ्या मुतवल्ली उस्ताची पाठ दिसत होती. उकिडवा बसून तो एकेक लादी घालत होता, रबरी हातोड्याने ठोकत होता आणि मागे सरकत होता. आता ती पाठ दारापासून हातभरावर आली होती.

सकाळी तिने काळा झगा चढवून त्याला आणि त्याचा जोडीदार अरफा याला बजावून सांगितलं होतं, "दमनहूरला बहिणीकडे जाते. संध्याकाळीच येईन." मग ते दोघे वाळूची पोती आणायला खाली उतरले, तशी ती गुपचूप वर येऊन या खोलीत शिरली आणि आतून कुलूप लावून बसली. घरातलं होतं नव्हतं ते सगळं इथे कोंबलेलं होतं. गुंडाळलेले गालिचे, दोन ब्लँकेटांत बांधलेला टीव्ही, आणि चादरीखाली लग्नातल्या चिनी भांड्यांचं काचेचं कपाट. अठ्ठावीस वर्षांत त्यातल्या एका कपाला कुणाचा ओठ लागला नव्हता. "कारागीर घरात आणि तू बाहेर? चमचासुद्धा शिल्लक राहायचा नाही," असं बहीण करीमानने फोनवर म्हटलं होतं, आणि इन्साफच्या डोक्यात किडा वळवळायला तेवढं पुरे होतं.

दुपार झाली तरी दाराच्या मुठीला कुणी हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर तिची थोडी निराशाच झाली होती. घशाला कोरड पडली होती, आणि घरातले सगळे पेले असलेल्या त्या खोलीत पाणी मात्र एक घोट नव्हतं.

बाहेर अरफा म्हणाला, "उस्ता, हे दार बाहेर उघडतं. जुन्या फरशीवर नवी बसली की दोन बोटं उंची वाढणार. मग दार कसं हलायचं?"

"म्हणून तर काल म्हटलं इन्साफ हाज्जांना, किल्ली ठेवून जा, दार उतरवून खालून तासतो. किल्ली हरवलीय म्हणाल्या."

"मग आता?"

"मग काय? घाल लादी. सामान बंद राहिलेलं बरं. किल्ली मिळाली की बघू."

इन्साफने झग्याच्या खिशातली किल्ली घट्ट धरली. काल तिला वाटलं होतं, दार तासायचं हे निमित्त आहे. आता ओरडावं तर चोरून पहारा करत होती हे उघड होणार. मुतवल्ली उस्ता मोठा मानी माणूस. गेल्या वर्षी एक मालकीण मागे मागे फिरून त्याच्या हातांवर नजर ठेवत होती, तर अर्धं न्हाणीघर टाकून निघून गेला. शुक्रवारी लेकीच्या, शाहिनाझच्या, होणाऱ्या सासरची मंडळी लग्नाची बोलणी पक्की करायला येणार, आणि स्वयंपाकघरात अजून नुसती माती. गप्प बसावं तर सिमेंट वाळणार आणि ती आत. इकडे आड, तिकडे विहीर. ठक्, ठक्, ठक्. एक रांग बसली. मग दाराला लागून दुसरी.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात झग्यातला फोन खणखणला. करीमान! कुणी चोरताना सापडलं का, ते विचारायला फोन केला असणार. इन्साफने धडपडत तो बंद केला आणि श्वास रोखून भिंतीला चिकटली.

हातोडा थांबला होता.

"आत फोन वाजला, उस्ता."

"हाज्जा विसरून गेल्या असतील."

"मग बंद कुणी केला?"

लाजेने इन्साफचे कान गरम झाले. आता सामान आवरल्याचा आवाज येईल, जिन्यावर पावलं वाजतील आणि संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"या दोन रांगा उचल," उस्ता म्हणाला.

"का म्हणून?"

"वाकड्या बसल्यात."

"वाकड्या? पाणसळ लावून घातल्यात की! केसाचा फरक नाही."

"उचल म्हणतो ना. आणि इथून जिन्यापर्यंत फळी टाक. चल, खाली जाऊन वाल-भाकरी खाऊन येऊ."

"आत्ता तर खाल्ली!"

"पुन्हा खाऊ. घर उघडंच राहू दे, वारा लागेल."

तासाभराने इन्साफ पाय आपटत जिना चढून आली. हातात मिठाईचा डबा होता.

"दमनहूरला सगळे बरे?" उस्ताने मान वर न करता विचारलं.

"बरे आहेत. तुम्हाला सलाम सांगितलाय. आणि बघा ना, किल्ली पर्सच्या अस्तरात सापडली!"

त्याने किल्ली घेतली, दार उतरवलं, खालून दोन बोटं तासलं आणि परत बसवलं. तेवढा वेळ ती खोली सताड उघडी होती. त्याने आत नजरही टाकली नाही.

संध्याकाळी निघताना त्याने दाराबाहेर जिन्याच्या चौकात हत्यारांची पिशवी उपडी केली. थापी, ओळंबा, पाणसळ, हातोडा, सूत, सगळं एकेक करून तिच्यासमोर मांडलं.

"अहो उस्ता, हे काय! घर तुमचंच आहे."

"उद्या स्वयंपाकघर पुरं करतो, हाज्जा. शुक्रवारी पाहुण्यांपुढे तुमची मान खाली जाणार नाही. पण रोज जाताना हे बघत जा."

मग त्याने पायजम्याचे दोन्ही खिसे धरून बाहेर उलटे ओढले. भाकरीचा चुरा पडला, पेन्सिलीचा एक तुकडा पडला. इन्साफने मान वळवली.

"बघा, हाज्जा," तो शांतपणे म्हणाला.

खिसे बाहेर लोंबत असलेला तो साठीचा माणूस तिच्यासमोर ताठ उभा होता, आणि तिचं बघून झाल्याशिवाय जागचा हलणार नव्हता.