बेमेळ चमचे
सासरी रिवाज होता: हॉटेलात जेवलं की तिथला एक चमचा खिशात घालून आणायचा. घरात एकसारखे दोन चमचे नव्हते. नव्या सुनेने मात्र साफ नकार दिला. "रुळेल हळूहळू," सासूबाई म्हणायच्या. आज सासरे रंगेहाथ पकडले गेले. सूनच पोलीस चौकीत धावली. पुन्हा असं होणार नाही, अशी तिने हात जोडून हमी दिली. साहेबांनी दोघांना चहा पाजला, दम दिला आणि सोडलं. घरी येताच सासरे म्हणाले, "संपलं. यापुढे हातानेच जेवेन." सुनेने पर्स उघडली आणि चौकीतल्या साखरेच्या डब्यातला चमचा टेबलावर ठेवला. सासूबाई दचकल्या. "अगं, कोणी सांगितलं होतं तुला?" "कोणीच नाही." "यांनी पाहिलं?" "त्यांनीही नाही." तिची छाती अजून धडधडत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं. "आई, उद्या कुठे जेवायचं?"