दहा बाय अकरा

“डोळे मिटा आणि नुसतं ऐका,” दुकानदार म्हणाला. “डोळे उघडे असले की माणूस मोठं धूडच पसंत करतो.”

फरशीवाल्याच्या बायकोने लगेच डोळे मिटले. त्याने मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून तिच्याकडे बघत बसला.

समोर स्पीकरच्या दोन जोड्या होत्या. एक कमरेइतकी उंच, जमिनीवर उभी राहणारी. दुसरी पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी. दुकानदार बटण दाबून गाणं एका जोडीतून दुसरीत फिरवत होता. कुणी बाई संथ गात होती. फरशीवाल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला वेगळंच काहीतरी कळून घ्यायचं होतं.

गेल्या वर्षी बायको त्याच्या संतापाला कंटाळून बहिणीकडे निघून गेली होती. तीन महिन्यांनी परत आली ती एका अटीवर. एक वर्ष बघू, नाही जमलं तर आपापले रस्ते. त्या वर्षाचे आता नऊच दिवस उरले होते. वर्षभर त्याने जीभ दाताखाली धरली होती. ताट एकदाच भिरकावलं, तेही रिकामं! पण तिने काय ठरवलंय ते ती सांगेना, आणि विचारायची त्याची छाती होईना.

आणि काल चहा पिता पिता तीच म्हणाली, “मला चांगले स्पीकर घ्यायचेत. उद्या येता का बरोबर?”

त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. जाणारी बाई कशाला घरात स्पीकर आणेल? म्हणून तर त्याला मोठेच हवे होते. हॉलभर गाणी, रविवारी सिनेमा, सोफ्यावर दोघं.

“मोठेच घेऊ,” तो म्हणाला. “थेटरात बसल्यासारखं वाटेल बघ.”

“मला छोटे बरे वाटतायत.”

“अगं, पण त्यात दणका कुठाय?”

“दणका कशाला हवाय मला?” ती डोळे न उघडताच म्हणाली.

त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. दोघांसाठीच तर चाललं होतं ना हे सगळं? एरवी तो इथेच भडकला असता. पण त्याने मांडीवर आवळलेली मूठ मुकाट सोडली. छोटे तर छोटे. घरात येतायत ना, बास झालं.

दुकानदाराला अशा जोडप्यांची सवय असणार. तो मध्ये पडला. “अहो, तुमच्या आवडीने काही ठरत नाही यात. खोली ठरवते. मोठ्या खोलीत छोटे स्पीकर कुजबुजतात, आणि छोट्या खोलीत मोठे नुसते घुमतात. बोला, खोलीचं माप काय?”

हा प्रश्न म्हणजे फरशीवाल्याच्या हातचा मळ. घरातली एकूण एक फरशी त्याने स्वतः गुडघ्यांवर रांगत बसवली होती. लग्नाची तारीख तो विसरायचा, माप कधीच नाही. हॉल अठरा बाय बारा. त्याने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोच बोलली.

“दहा बाय अकरा.”

त्याला हसू आलं. कसलं दहा बाय अकरा? झोपायची खोली बारा बाय बारा, स्वयंपाकघर दहा बाय आठ. इतकी वर्षं त्या घरात वावरली आणि हिला आपला हॉल माहीत नाही! आता चांगलं चिडवायचं म्हणून तो तिच्याकडे वळला. ती अजून गाणंच ऐकत होती. मान जराशी कलती, खांदे सैल, चेहरा इतका निवांत की त्याला चिडवायचं सुचेना.

“एकच खिडकी आहे,” ती पुढे म्हणाली. “पडदे अजून लावायचेत.”

त्यांच्या हॉलला तीन खिडक्या होत्या. त्यांचे पडदे तिनेच शिवले होते, त्यालाही आता सात वर्षं झाली होती.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले, आणि आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं. तिने आधी त्याच्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे.

“मी आज सांगणारच होते,” ती अगदी हळू म्हणाली.

राग तर असा उसळला की त्याला समोरचं दिसेना. पण हातांकडे गेलेली तिची ती नजर त्याने पाहिली होती. तिचे खांदे आखडलेले होते. वर्षभर तो स्वतःची पाठ थोपटत होता, की आपण किती बदललो, किती गिळलं. आणि ही वर्षभर घरात त्याच्या हातांवर नजर ठेवून जगत होती. आज या परक्या खोलीत, पाच-दहा मिनिटं का होईना, ती नजर काढून बसली होती. त्याला लाज वाटली. सगळ्या अंगाला वाटली.

दुकानदाराला यातलं काय कळणार? तो खुशीत म्हणाला, “दहा बाय अकरा म्हणजे छोटेच, डोळे झाकून!” त्याने पावतीपुस्तक उघडलं आणि पेन घेऊन रिवाजाप्रमाणे नवऱ्याकडे वळला. “पत्ता सांगा साहेब. संध्याकाळपर्यंत आमचा माणूस येऊन बसवून देईल.”

फरशीवाल्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“पत्ता,” तो म्हणाला, “ही सांगेल.”