सैल तुंबा

तुंबा आजही सैल होता. जोतीरामनं थाप मारली तर भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. काल सकाळी दहाला तालीम संपल्यावर त्यानं स्वतः पान्यानं सगळे नट आवळले होते. म्हणजे कुणीतरी मागाहून येऊन सोडले होते. सलग चौथा दिवस.

हॉल मिळेना म्हणून आण्णांच्या जॅझ बँडची तालीम सोमवारपासून शाहूपुरीतल्या एका रिकाम्या गुळाच्या वखारीत चालली होती. वर पत्रा, दाराला नुसती कडी. ट्रंपेट, सॅक्सोफोन धरून अठरा माणसं. परवापरवापर्यंत वरातीत वाजवणारी. जोतीराम तीस वर्षं तबल्याचा माणूस. दोन महिन्यांपूर्वी आण्णांनी मुंबईच्या एका गोवेकर वादकाकडून हा तुंबा, म्हणजे वरच्या तोंडाला कातडं ताणलेला कमरेएवढा परदेशी ढोल, आणून त्याच्यापुढं उभा केला. उद्या शनिवारी कार्यक्रम. त्यात दोन मिनिटं सगळा बँड गप्प बसणार होता आणि जोतीराम एकटा वाजवणार होता. जन्मभर दुसऱ्यांच्या साथीला बसलेल्या माणसाला या दोन मिनिटांनी वेड लावलं होतं.

संशय प्रभुलिंगवर. गडहिंग्लजचा हा तरणाबांड गडी बोंगो वाजवायचा, पण तुंब्यावरही त्याचा हात बरा बसला होता. यायचाही सगळ्यांच्या आधी. मंगळवारी त्यानं बोंगो आवळायला म्हणून जोतीरामचा पाना मागून घेतला होता. एवढं पुरलं. मनात एकदा पाल चुकचुकली की समोरच्याचं साधं हसूही कावेबाज दिसतं. तबल्याची चामडी वादी एकदा ओढली की महिनोन् महिने तशीच राहते. मग हे लोखंडी नट काय आपोआप सुटतात?

त्यानं सगळ्यांदेखत प्रभुलिंगचा दंड धरला.

"माझी जागा पायजे व्हय रं तुला?"

"म्या हात बी लावला न्हाय, मास्तर. आईशप्पथ!"

एवढं बोलून प्रभुलिंगनं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, असं जोतीराम मनाशी म्हणाला आणि आण्णांकडं वळला. "आण्णा, एक तर ह्यो ऱ्हाईल, न्हायतर मी."

कार्यक्रम उद्यावर आलेला. आण्णा तरी काय करणार? प्रभुलिंगनं बोंगो पिशवीत भरले आणि कुणाकडं न बघता एसटी स्टँडची वाट धरली.

तालीम झाल्यावर जोतीरामनं तुंबा पुन्हा खणखणीत आवळला. बाजारातून नवं कुलूप मागवून वखारीला ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. त्या दिवशी चार दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

शनिवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. वखार झाडणारी शालूबाई केरसुणी घेऊन पायरीवर बसली होती. रोज तालीम उठली की ती झाडायला यायची. काल तिचं काम राहिलं होतं.

जोतीरामनं कुलूप काढलं. तुंबा ठेवल्या जागीच होता. त्याचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं होतं.

असलं दुसरं कातडं अख्ख्या कोल्हापुरात नव्हतं आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाला.

"त्या प्रभ्यानं दुसरी किल्ली केली असणार!" तो ओरडला.

शालूबाईनं वाकून फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला. तिच्या बापानं जन्मभर हलग्या मढवल्या होत्या.

"ताणल्यालं कातडं पत्र्याखालच्या उनात ऱ्हातंय व्हय, मास्तर?" ती म्हणाली. "वाजवून झालं की ढिलं करायचं असतंय. रोज हितं पडल्याल्या पान्यानं मीच करून जात हुते. काल कुलूप हुतं."