औक्षणाचं ताट

"ताट नीट धरा काकू, साहेब गाडीतून उतरले की लगेच ओवाळायचं," सरपंच मला म्हणाला. साहेबांसाठी त्यानं ग्रामपंचायतीच्या अंगणात वाळत घातलेल्या आमच्या मिरच्या सकाळीच उचलायला लावल्या होत्या.

भिंतीवर हात जोडलेल्या आमदारसाहेबांचा भलामोठा फ्लेक्स होता. खाली लिहिलं होतं, 'गावाच्या दारूबंदीचे शिल्पकार'. दारूचं दुकान बंद करायला आम्ही बायकांनी मतदान मागितलं, तेव्हा याच माणसाच्या दारात चार हेलपाटे घातले. एकदाही भेटला नाही. दुकान त्याच्या मेव्हण्याचं होतं.

मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अंथरुणाला खिळलेल्या चंद्रभागा आजीला आम्ही बाजेवर घालून आडवीवर शिक्का मारायला नेलं. माझी सून सुजलेल्या डोळ्यानं रांगेत उभी राहिली. तिला मारणारा माझाच मुलगा होता.

"या फ्लेक्सवर आमच्यातली एकही नाही," मी म्हणाले.

"बायकांच्या गोंगाटानं काय होतंय काकू? मागं खमका नेता लागतो."

मी पेटत्या निरांजनासकट ताट त्याच्या हातात दिलं. "मग तूच ओवाळ."

मी वळेपर्यंत सुनेनं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्यासुद्धा. साहेबांची गाडी आली तेव्हा सरपंच ताट घेऊन उभा होता, फ्लेक्स अंगणात उताणा पडला होता, आणि माझी सून त्यावरच्या साहेबांच्या कपाळावर मूठमूठ लाल मिरच्या पसरत होती.